माझी पीपीटी गेटवरच राहिली

मी तुरुंगात लीडरशिपचं ट्रेनिंग घ्यायला जाणारे असं घरी सांगितलं तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तिथं कशाला शिकवतेस, पुढारी तिथूनच तर तयार होऊन येतात." नवरा चहा सांडेपर्यंत हसला. मी चिडले खरी, पण पुढचे दीड महिने जे काही बघितलं त्यात हे वाक्य सारखं आठवत राहिलं. फक्त वेगळ्या अर्थानं.

तर मी पोटापाण्यासाठी कंपन्यांमध्ये ट्रेनिंग घेते. हिंजवडी, खराडी, चाकण. टीम बिल्डिंग, टाइम मॅनेजमेंट, अवघड माणसांशी कसं बोलावं वगैरे. लोक एसी हॉलमध्ये बसतात, पनीर खातात, फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी चार देतात आणि सोमवारी परत तसेच वागतात. एका मैत्रिणीची संस्था तुरुंगात काम करते, ती म्हणाली सहा शनिवार देशील का, तिथल्या लोकांसाठी नेतृत्व विकासाचा कार्यक्रम करायचाय. मी हो म्हटलं. कुठलं कारागृह ते लिहीत नाही, लिहून कोणाचा फायदा नाही आणि ज्यांच्याबद्दल सांगणारे ती माणसं अजून आतच आहेत.

पहिल्या दिवशी गेटवर माझा लॅपटॉप गेला, पेन ड्राइव्ह गेला, मोबाइल गेला, स्मार्टवॉच गेलं, स्केचपेनचा डबा गेला, रंगीत चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा तर हवालदारानं उलटसुलट करून असा बघितला की जणू त्यात करवतच लपवलीय. ट्रेनिंग म्हणजे मुळात माझं हे सामानच हो. ते काढून घेतल्यावर मी त्या मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून आत गेले तेव्हा माझ्याकडे फक्त मी होते, आणि ते किती कमी आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

आत पत्र्याच्या शेडखाली सतरंजीवर एकतीस जण बसलेले. सगळे पक्के, म्हणजे शिक्षा लागलेले, पांढरे कपडे, काहींच्या डोक्यावर टोपी. बहुतेक जन्मठेपवाले. मी आपली पाठ केलेली सुरुवात केली. नमस्कार, मी अमुक, आज आपण स्वतःला ओळखणार आहोत, तर चला, प्रत्येकानं आपल्या पाच स्ट्रेंथ्स सांगा.

शांतता. पत्र्यावर कावळा चालत होता त्याचा आवाज येत होता.

मग मागून एक साधारण पंचावन्नचे गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "चारशे बारा."

मी म्हटलं, "काय चारशे बारा?"

"आमच्या सर्कलची स्ट्रेंथ मॅडम. सकाळच्या गिनतीला चारशे बारा होती. दोघं कोर्टात गेलेत."

कोणी हसलं नाही. ते काका चेष्टा करत नव्हते, मी विचारलं ते त्यांनी इमानदारीत सांगितलं. तुरुंगात स्ट्रेंथ म्हणजे मोजलेली डोकी. सकाळी बराक उघडली की गिनती, दुपारी गिनती, बंद करताना गिनती. माणूस दिवसातून इतक्यांदा मोजला जातो आणि तू कसा आहेस हे एकदाही विचारलं जात नाही. आणि मी तिथं जाऊन पाच स्ट्रेंथ्स मागतेय. माझा तो दिवस पूर्ण पडला. पुढचा तासभर मी काय बोलले ते आठवतही नाही, बहुधा सिंह आणि मेंढरांची कुठलीतरी गोष्ट सांगितली.

घरी येताना सिग्नलला एक विचार डोक्यात घुसला तो निघेना. सेल्फ-वर्थ म्हणतो आपण त्याला मराठीत काय म्हणायचं? किंमत म्हटलं की बाजार आठवतो. लायकी म्हणावं, तर मराठीत लायकी फक्त काढतात. तुझी लायकी काय, लायकीत राहा, लायकी दाखवलीस. कोणी कोणाला लायकी देताना मी तरी ऐकलेलं नाही. आत बसलेल्या त्या एकतीस जणांची तर कोर्टानं काढली, पेपरनं काढली, गावानं काढली, बऱ्याच जणांची घरच्यांनीही काढली. आता ती तुमच्यात आहेच, फक्त ओळखा, असं मी स्लाइडवर लिहून कसं चालेल?

दुसऱ्या शनिवारी मी काहीच नेलं नाही. बसले सतरंजीवर आणि विचारलं, "इथं काय काय अडतं तुमचं?" आधी कोणी बोलेना, कारण तक्रार केली असं व्हायला नको. मग हळूहळू निघालं. पाण्याच्या वेळेला होणारी रेटारेटी. मुलाखतीला आलेल्या बायकापोरांना बाहेर किती थांबावं लागतं. आणि एकानं सांगितलं, अगदी खालच्या आवाजात, की त्याचा संचित रजेचा, म्हणजे शिक्षेतून थोडे दिवस घरी जायच्या सुट्टीचा, अर्ज दुसऱ्यानं लिहून दिला होता, त्यात तालुका चुकला, चौकशीचा कागद भलतीकडे गेला आणि वर्षभर फिरत राहिला. तेवढ्यात आई गेली. त्याला वाचता येत असतं तर सही करण्याआधी तालुका बघितला असता. सही तरी कसली, अंगठाच.

बघता बघता कळलं की एकतीसपैकी नऊ जण अंगठेबहाद्दर आहेत. आणि मी त्यांना चिठ्ठीवर स्ट्रेंथ्स लिहायला लावणार होते!

ते चारशे बारावाले काका उठले. म्हणाले, "मी शिकवतो. मी एसटीत कंडक्टर होतो." कंडक्टर असल्याचा आणि अक्षरं शिकवण्याचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण तो संबंध पुढे दिसला. ह्या माणसानं अठरा वर्षं अनोळखी माणसांना वळण लावलेलं. पुढे सरका, मागं जागा आहे, आजी तुम्ही बसा, ए पोरा दप्तर पुढं घे. तीच भाषा त्यांनी वर्गात आणली. "चला, 'क' आला, कोण कोण उतरणार? नाही ना? मग लिहा." फरशीवर विटेच्या तुकड्यानं अक्षरं. खडू नव्हता, आणि मी खडू आणते म्हटलं तर म्हणाले राहू द्या, परवानगीत महिना जाईल, वीट इथली आहे.

त्यांचा गुन्हा मी विचारला नव्हता. एकदा आपणहून म्हणाले, "बांधावरनं झालं. सख्खा भाऊ." एवढंच. आपल्याकडे बांधावरनं काय काय होतं हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वितभर जमीन, दोन पिढ्यांचा राग, एक दुपार. बारा वर्षं झाली होती त्यांना आत.

नऊ जणांत एक म्हातारे होते, त्यांच्या नावाचं पहिलंच अक्षर 'ज्ञ'. नशीब बघा. बाकीचे दुसऱ्या आठवड्यात नाव गिरवायला लागले आणि हे आपले ज्ञ वर अडकलेले, त्यांचा ज्ञ मोडक्या खुर्चीसारखा दिसायचा, एक पाय भलतीकडेच. हात थरथरायचा. कंडक्टरकाकांनी त्यांना सांगितलं, "बाबा, तुमचं तिकीट लांबचं आहे, घाई नको."

मग तो मनीऑर्डरचा दिवस. हा मी बघितलेला नाही, काकांनी सांगितला, पण असा सांगितला की मी तिथं होते असंच वाटतं. पैसे आल्याची नोंद रजिस्टरला करायची असते. ज्ञ-बाबांचा नंबर आला. हवालदारानं सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. बाबांनी हात मागे घेतला, लेंग्याला पुसला आणि म्हणाले, "पेन द्या साहेब." हवालदारानं एकदा वर बघितलं आणि पेन दिलं. पाच अक्षरी नाव लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली, मागची रांग चुळबुळ करायला लागली, कोणीतरी म्हणालं अहो उरका, तर हवालदारच त्याच्यावर खेकसला, "लिहू दे की, तुझी गाडी चाललीय का!" पुढच्या आठवड्यात बाबांनी मला ती सही तळहातावर बोट फिरवून दाखवली. खुर्ची अजून मोडकीच होती.

मला इथं जे म्हणायचंय ते बाबांपेक्षा कंडक्टरकाकांबद्दल जास्त आहे. अक्षर शिकल्यानं बाबा सुधारले की नाही मला माहीत नाही. पण काका बदलले ते डोळ्यासमोर. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून बसणारा माणूस चौथ्या शनिवारी माझ्या आधी येऊन सतरंजी झटकत होता. मी विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाले, "मॅडम, बारा वर्षांत मला उद्याचं कोणी विचारलं नव्हतं. आता सकाळी नऊ जण विचारतात, काका, उद्या काय आणायचं?" माझ्या एकाही स्लाइडनं हे झालं नसतं. तू मोठा आहेस, तुझ्यात शक्ती आहे, असं सांगून माणूस उभा राहत नाही, त्याच्यावाचून कोणाचं तरी अडलं की राहतो. आणि तुरुंगाची रचनाच अशी की तिथं कोणावाचून कोणाचं काही अडू नये. जेवण मिळतं, तेही दुपारी चार-साडेचारला संध्याकाळचं, दार दुसरा उघडतो, दिवा दुसरा घालवतो. दहा वर्षं एक कडीसुद्धा स्वतः न लावलेला माणूस.

हे मला नवीन वाटलं होतं, पण आपल्याकडे हे ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी करून बसलंय. माझं सासर दिघंचीजवळ, आटपाडी तालुका, सांगली जिल्हा. तिथं जाताना आटपाडीला स्वतंत्रपूर लागतं, कैद्यांची मुक्त वसाहत. इतकी वर्षं मी गाडीतून डाळिंबाच्या बागा बघत गेले आणि ह्या पाटीकडे लक्ष गेलं नाही. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनिअर होता, गांधीजींच्या प्रभावातला, त्यानं डोक्यात घेतलं की खुनाच्या कैद्यांना बेड्या काढून जमीन द्यायची. १९३९ साली हे सुरू झालं. भिंत नाही, बायकापोरं सोबत, शेती करा आणि राहा. व्ही. शांतारामबापूंचा 'दो आंखें बारह हाथ' हा सिनेमा आपल्याला माहीत असतो, त्याची कथा गदिमांची, ते मूळचे त्याच माणदेशातले, आणि त्या कथेमागे हीच वसाहत आहे.

पण मला भारी वाटते ती वेगळीच गोष्ट. ज्या राजानं कैद्यांच्या बेड्या काढल्या, त्यानंच त्याच सुमाराला आपली स्वतःची सत्ता घटना करून प्रजेच्या पंचायतींना देऊन टाकली होती. म्हणजे कैद्यांवर भरवसा टाकणं हा सुट्टा प्रयोग नव्हता. माणसाला जबाबदारी दिली की तो तिच्या मापाचा होतो, हे त्या लोकांनी राजवाड्यापासून तुरुंगापर्यंत एकाच मापानं लावलं. आज आपण कैद्यांना नेतृत्व शिकवतो पण स्वतःच्या हातातली एक किल्लीही सोडायला तयार नसतो. स्वतंत्रपूर आजही चालू आहे, पण मोजक्याच लोकांसाठी. नंतर येरवड्याला १९५५ मध्ये खुलं कारागृह झालं, पैठणला १९६८ मध्ये. तिथं पोचायला चांगली वर्तणूक लागते आणि शिक्षेचा बराच भाग काढलेला लागतो. माझ्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांची स्वप्नं पैठणलाच जाऊन थांबायची. सुटका वगैरे फार लांबची, आधी पैठण. देवापेक्षा शेतीसाठी.

राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून असंच एक शिबिर आहे, राज्यपाल संपूर्णानंदांच्या नावाचं. तिथं शेकडो कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी गावात कामाला जातात, कोणी मजुरी, कोणी दुकानात, स्वतः कमावतात स्वतः खातात आणि संध्याकाळी परत येतात. आणि हजेरी कोण घेतं? त्यांचीच बंदी पंचायत, म्हणजे कैद्यांची पंचायत. ज्याला मोजायचं त्याच्याच हातात रजिस्टर. मला तर हे वाचून चारशे बाराच आठवलं.

तिहारची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९९३ मध्ये किरण बेदी तिथं आयजी म्हणून गेल्या तेव्हा आठ हजारांच्या वर लोक कोंबलेले होते. सगळ्यांना आठवतं ते १९९४ चं विपश्यना ध्यानाचं शिबिर, एकदम हजारावर कैदी बसले होते, विपश्यना शिकवणारे गोएंकागुरुजी स्वतः आले होते, फोटो जगभर गेले. चांगलंच झालं ते, माझा विरोध नाही. पण माझ्या मते खरी कमाल त्याआधीची, जिचे फोटो नाहीत. कैद्यांच्याच पंचायती केल्या, शिकलेल्यानं न शिकलेल्याला शिकवायचं, कायदा कळणाऱ्यानं दुसऱ्याचे अर्ज लिहायचे, स्वयंपाकावर कैद्यांचीच देखरेख. आणि एक फिरती तक्रारपेटी, जिची किल्ली बराकीतल्या कोणाकडे नाही. पंचायत आणि पेटी ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. नुसती पंचायत केली की आत नवे दादा तयार होतात.

कारण हेही सांगितलं पाहिजे ना. तुरुंगात नेतृत्व नाही असं थोडंच आहे. जुन्या नियमांपासूनच चांगल्या वागणुकीच्या कैद्याला वॉर्डर करायची पद्धत आहे, बाकीच्यांवर लक्ष ठेवायला. काही ठिकाणी हाच वॉर्डर छळ करतो, झोपायच्या जागेचे पैसे घेतो. माझ्या एकतीसमध्ये एक असा होता. लीडरशिप ह्या विषयाची त्याला सर्वात जास्त आवड! पुढे बसायचा, मान डोलवायचा, कंडक्टरकाकांच्या वर्गाकडे मात्र एकदाही फिरकला नाही. माझ्या कंपन्यांमधले तीन-चार मॅनेजर हुबेहूब असेच आहेत, असो.

आणि ह्याची उलटी बाजू भायखळ्याची. जून २०१७. मंजुळा शेट्ये, जन्मठेपेची कैदी, चांगल्या वर्तणुकीमुळे भायखळ्याच्या महिला कारागृहात वॉर्डर झालेली. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी आले म्हणून तिनं विचारलं. बातम्यांमध्ये आलं ते एवढंच कारण. त्यानंतर तिला झालेल्या मारहाणीत ती गेली, सहा जेल कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला, आणि आतल्या बायका छतावर चढल्या. दोन अंडी पाच पाव. आम्ही ट्रेनिंगमध्ये त्याला ओनरशिप म्हणतो, टीमसाठी उभं राहणं म्हणतो, त्याच्यावर स्लाइड असते आणि स्लाइडवर हात वर केलेल्या माणसाचं चित्र असतं. तिनं नेमकं तेच केलं होतं. म्हणून आता कोणी मला म्हणालं ना की कैद्यांना नेतृत्व शिकवू या, तर मी आधी विचारते की तो खरंच शिकला आणि त्यानं अंडी मोजली, तर तुमचं कारागृह काय करणार? हा प्रश्न मी आमच्या तिसऱ्या शनिवारी कार्यालयात विचारला होता. साहेबांनी बेल वाजवून चहा मागवला.

लायकीचा विषय निघालाच आहे तर जातीचं कसं टाळणार. आपल्या देशातल्या अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये परवापरवापर्यंत कोणी झाडायचं आणि कोणी स्वयंपाक करायचा हे जातीवर लिहिलेलं होतं. मुंबईची पत्रकार सुकन्या शांता हिनं त्यावर लिहिलं आणि मग कोर्टात गेली, ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते सगळं घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तरहून जास्त वर्षं आत गेल्यावर माणसाला परत एकदा त्याची जागा दाखवायची सोय सरकारी पुस्तकातच होती. भटक्या-विमुक्तांना तर सराईत गुन्हेगार समजायचीच रीत. माझ्या ग्रुपमधला एक पारधी मुलगा मला म्हणाला होता, "ताई, बाकीचे काहीतरी करून आत येतात, आम्ही आडनाव घेऊन येतो." त्याला मी काय सेल्फ एस्टीम शिकवणार होते?

आणि हे सगळं चाललंय ते पक्क्या कैद्यांसाठी. कच्च्यांचं काय? २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातले शंभरात पंचाहत्तरहून जास्त न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा अजून निकालच नाही. त्यांना अशा कार्यक्रमांत फारसं घेत नाहीत, आज आहे उद्या जामीन झाला की गेला, म्हणून. तो उद्या चार-चार वर्षं येत नाही ही गोष्ट वेगळी.

माझी बहीण मला म्हणाली, तुझं सगळं ठीक, पण ज्यांचा माणूस गेला त्यांच्यासाठी कोण सहा शनिवार देतं? मला उत्तर देता आलं नाही. कंडक्टरकाकांच्या केसमध्ये तर गेलेला आणि मारणारा एकाच आईचे. त्या आईला कोणत्या बाजूला बसवायचं?

एक आनंदाची गोष्ट सांगते. येरवड्याच्या कैद्यांनी बुद्धिबळात सोनं आणलं हे किती जणांना माहीत आहे? इंडियन ऑइलनं २०२१ पासून तुरुंगांमध्ये खेळाचं प्रशिक्षण सुरू केलं, ग्रँडमास्टर अभिजित कुंटेंसारखी माणसं शिकवायला गेली, आणि कैद्यांची जी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा असते तिच्यात २०२३ ला येरवड्याचा संघ पहिला आला. मला बुद्धिबळ येत नाही. पण मला एवढं कळतं की पटावर बसलेल्या माणसाला पुढची चाल स्वतः ठरवावी लागते, हवालदार सांगत नाही. आणि हरला तर तोच हरतो. दिवसभरात असा ठरवायचा अर्धा तास मिळणं ही आत किती मोठी चैन आहे ते बाहेरून कळत नाही.

तिकडे वेल्समध्ये स्वान्सीच्या तुरुंगात १९९१ साली एक सुरू झालं, समॅरिटन्स ह्या संस्थेनं कैद्यांनाच शिकवलं की खचलेल्या कैद्याचं नुसतं ऐकून कसं घ्यायचं. सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. पुढे ते ब्रिटनभर पसरलं. रात्री दोन वाजता कोणाला जीव नकोसा झाला तर दुसऱ्या कैद्याला त्याच्याजवळ नेतात. मी हे आमच्या लोकांना सांगितलं तर कंडक्टरकाका म्हणाले, "आमच्यात बराक बंद झाल्यावर सगळे ऐकतच असतात मॅडम, फक्त कोणी बोलत नाही."

सहाव्या शनिवारी समारोप. स्टेज, बॅनर, बॅनरवर माझं नाव चुकलेलं, पाहुणे दोन तास उशिरा, मग शाल-श्रीफळ पाहुण्यांनाच. पाहुण्यांनी वाल्याचा वाल्मीकी सांगितला, सगळे पाहुणे तोच सांगतात म्हणे, आतल्या लोकांना पाठ झालाय. एकतीस प्रमाणपत्रं वाटली. फोटोत कैद्यांचे चेहरे धूसर करायचे असतात, त्यामुळे संस्थेच्या अहवालात आता मी आणि पाहुणे स्पष्ट आहोत आणि आजूबाजूला एकतीस ढग. ज्यांची ओळख परत मिळवून द्यायचा कार्यक्रम होता त्यांचेच ढग! नियम आहे, कारणही बरोबर आहे, तरी बघवत नाही.

त्या गडबडीत पाहुण्यांसमोर हजेरीपटावर सह्या घेतल्या. एकतीसच्या एकतीस सह्या होत्या, एकही अंगठा नाही. पाहुण्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, त्यांनी मुख्य कागद खाली ठेवला आणि नारळ उचलला.

दोन महिन्यांनी मला पत्र आलं. आंतरदेशीय, वर कारागृहाचा शिक्का, उघडून वाचलेलं, ते तसंच येतं. कंडक्टरकाकांचं. लिहिलं होतं की वर्गात आता बावीस जण आहेत, दोन बराकींतले, साहेबांनी दुपारचा एक तास दिलाय. ज्ञ-बाबा आता नव्यांना ज्ञ शिकवतात आणि त्यामुळे सगळ्यांचाच ज्ञ मोडका निघायला लागलाय. एक जण फार हट्टी आहे, म्हणतो अंगठा काय वाईट, अंगठा कधी चुकत नाही. आणि खाली, "येताना दोन डझन पाट्या आणाव्यात. साध्या काळ्या. लाकडी चौकटीच्या नकोत, पुठ्ठ्याच्या. लाकडाला गेटवर हरकत घेतील. पेन्सिली पांढऱ्या. बिल जपून ठेवावे."

सुट्टे परत देणाऱ्या माणसाचं पत्र वाटतं ना? मी अप्पा बळवंत चौकात जाऊन चोवीस पाट्या घेतल्या, पेन्सिलींचे सहा डबे घेतले, बिल जपून ठेवलं. मागच्या शनिवारी गेले. गेटवर नवीन हवालदार होता, पाट्या मोजल्या, दोनदा मोजल्या, चौकट वाकवून बघितली आणि म्हणाला, "परवानगीचं पत्र?" ते नव्हतं. अर्ज दिलाय. सोमवारी फोन केला तर साहेब मीटिंगला, बुधवारी केला तर फाइल वर गेलीय. तोपर्यंत पाट्या माझ्या गाडीच्या डिकीत आहेत, स्पीड ब्रेकर आला की वाजतात.